पंचफुलाबाईच्या पाठीखालचं कवाड

करकर ऐकून दचकू नका. मीच बोलतोय, कवाड. मल्हारी धनगराच्या घराचं एकुलतं एक कवाड. कडुलिंबाचं लाकूड, मधे दोन आडव्या पट्ट्या, आणि शेळ्यांनी शिंगं घासून गुळगुळीत केलेली खालची कड. गाव सेनगावच्या अलीकडं, सडकेवरच्या फाट्यापासून बरंच आत. रस्ता म्हणाल तर खड्डे, आणि खड्ड्यांच्या मधे मधे थोडा रस्ता.

कवाडाचं काम तुम्हाला सांगायला नको. उघडायचं, लागायचं, उभं राहायचं. तेवढंच मला येतं आणि तेवढ्यावर मी खूश होतो. पण एक हिवाळा असा आला, की मला बिजागऱ्यांतून काढून जमिनीवर पालथं घातलं आणि माझ्या पाठीवर एका बाईला निजवलं. तिला उठू देत नव्हते आणि मला उघडू देत नव्हते. आम्ही दोघं तसेच अडकून पडलो. त्या दिवसांचं मला सांगायचं आहे.

माझा जन्म घरामागच्या लिंबापासून झाला. वावटळीत झाड उन्मळून पडलं, तेव्हा मल्हारीचं नुकतंच लग्न झालं होतं आणि घराला दार म्हणून पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या काड्यांचा, झाप होता. सुतारानं मला घडवलं, चौकटीत बसवलं, तळहातानं थोपटलं आणि म्हणाला, "लिंबाला कीड लागत न्हाई, मल्हारी. पण याला उभंच ठेव. लई दिस आडवं टाकलं तर वाकंल."

मल्हारी "व्हय, व्हय" म्हणाला आणि विसरला. माणूस गुणाचा, पण सांगितलेल्यातलं अर्धंच त्याच्या डोक्यात राहतं. उरलेलं अर्धं मेंढरांच्या मागं निघून जातं.

मल्हारीची बायको पंचफुलाबाई. ही पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं आधी न येता जिचे पाय आधी बाहेर आले, अशी. आमच्याकडं समज असा, की कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यावा, उसण उतरते. त्यामुळं आमच्या दारात कायम कुणी ना कुणी कंबर धरून उभं असायचं. त्यानं माझी आडवी पट्टी दोन्ही हातांनी धरायची, पाठ हिच्याकडं करायची, आणि हिनं डावा पाय उचलून टाच कमरेला लावायची. लाथ म्हणायची, पण मारायची नाही. एखाद्या लेकराला थोपटावं इतकाच तो जोर.

तिच्या पायात गुण होता का? अहो, मी लाकूड, मला काय विचारता! साधी उसण चार दिवसांत आपोआपच सुटते, असं पुढं डॉक्टर म्हणाले. पण पाय लावून झाल्यावर पंचफुलाबाई त्या माणसाची जी हजेरी घ्यायची, तिचा गुण नक्की येत असणार.

"काय उचललंस?" ती विचारायची.

"काई न्हाई मामी, युरियाचं पोतं."

"कसं उचललंस? उभ्यानं वाकून झटका दिला आसंल. तुज्या गुडघ्याला काय मुहूर्त लागतोय का रे वाकायला? आधी खाली बसावं, पोतं छातीशी धरावं, मंग उठावं."

माझी पट्टी धरणाऱ्या हातांवरून मला कमरा कळू लागल्या होत्या. दिवसभर ओणवं राहून सोयाबीन कापणाऱ्या बायांचे हात खरखरीत आणि दमलेले. हापशावर घागरी भरून एकाच कमरेवर नेणाऱ्या पोरींचा सगळा भार एका हातावर. किराणा दुकानात सकाळपासून गादीवर बसून राहणारे शेठ आले की मी आतून हसायचो, कारण त्यांनी आयुष्यात पोतं उचललं नव्हतं. "शेट, तुमाला बसून बसून भरली," पंचफुला म्हणायची, "घडीघडी उठत जा, दुकान पळून जात न्हाई." कुणी झोळी झालेल्या बाजेवर निजायचा, कुणी दिवसभर जीप हाकायचा. सगळ्यांची कंबर शेवटी माझ्यापाशी यायची. घरातल्या माणसापेक्षा दारातल्या माणसांवर तिचा जीव जास्त, असं मल्हारी चिडवायचा. ती म्हणायची, "तुमची भरू द्या एकदा, मंग बगा कसा पाय लावते ते."

भरली ती तिचीच.

अठ्ठ्याण्णव साल होतं. हिंगोली जिल्हा अजून झाला नव्हता, आम्ही परभणीत मोडत होतो. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची काढणी चालली होती. पंचफुला आठवडाभर दुसऱ्याच्या वावरात उक्त्या मजुरीवर ओणवी होती. कंबर आधीच बोलत होती, पण ऐकतंय कोण! संध्याकाळी एक गाभण मेंढी नालीत घसरली. हिनं वरूनच वाकून तिला कवेत धरलं, आणि अंग पिळवटून बाजूला काढलं. खाली बसणं नाही, छातीशी धरणं नाही. लोकांना जे नको म्हणून ओरडायची ते सगळं तिनं एका दमात केलं.

ती भिंत धरत धरत घरी आली. दारात आल्यावर तिनं माझी पट्टी धरली, एका हातानं, आणि तिचा सगळा भार माझ्यावर आला. इतकी वर्षं मी लोकांचे हात ओळखत होतो. हे दुखणं निराळं आहे, हे मला तेव्हाच कळलं. उसणीचा माणूस कंबर धरतो. ही मांडी धरत होती.

तिनं कुणाला सांगितलं नाही. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं असतं. वावरं मोकळी होतात, शेतकरी खतासाठी मेंढरं बसवायला बोलावतात, आणि मग शिमग्यापर्यंत आज या शिवारात, उद्या त्या शिवारात. लग्न झाल्यापासून तिचं एक साल चुकलं नव्हतं. चालण्यात तिचा जीव होता. घरात दोन दिवस राहिली तरी ती माझी कडी उगाच काढघाल करायची.

पण कळ ढुंगणापासून पोटरीत, पोटरीतून घोट्यात उतरली आणि एका सकाळी तिला बाजेवरून उठताच येईना. शेजारची रुख्मिणीबाई धावत आली. दोघी बरोबरीच्या, एकमेकींची टर उडवत म्हाताऱ्या व्हायला निघालेल्या.

"आता तुला लाथ कुणी मारावी गं?" रुख्मिणीबाई म्हणाली.

"माजाच पाय हाय, पर माज्या पाठीला पोचंना," पंचफुला म्हणाली. दोघी हसल्या, आणि हसताना पंचफुलाच्या तोंडून किंकाळी निघाली.

मल्हारी आणि त्याचा लेक परमेश्वर तिला जीपनं हिंगोलीच्या एका डॉक्टरकडं घेऊन गेले. परत आले तेव्हा दारातच मल्हारीनं सुनेला, दिपालीला, सगळं सांगितलं. मी तिथंच होतो, म्हणून मलाही कळलं.

"हाड मोडलं न्हाई. मणक्यात गादी आसती म्हणं, ती सरकली आन शिरंवर बसली. म्हणून पाय दुखून राहिलाय. गोळ्या दिल्यात, शेक सांगितलाय. आन बाजेवर निजवू नका म्हणले, कडक फळीवर निजवा. जीपगाडीत बसवू नका, धक्का लागू दिऊ नका. उठू दिऊ नका. पंधरवड्यानं दाखवायला आणा म्हणले."

"फळी कुठून आणावी, मामाजी?" दिपालीनं विचारलं.

मल्हारीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं बघितलं.

बिजागऱ्यांचे खिळे उपटताना जो आवाज झाला तो माझा होता. ज्या चौकटीत मी इतकी वर्षं उभा राहिलो तिच्यातून मला काढलं, घरात नेलं, दोन टोकांना विटा ठेवून त्यांवर पालथं घातलं. वर गोधडी, गोधडीवर पंचफुला. चौकटीत माझ्या जागी एक जुनी घोंगडी लटकवली. वारा आला की ती फडफडायची आणि मला राग यायचा. ती उघडत नव्हती, लागत नव्हती, नुसती लोंबत होती.

तेव्हापासून मी पाहिलेलं काही सांगू शकत नाही. माझं तोंड जमिनीकडं होतं. समोर शेणानं सारवलेली भुई आणि मुंग्या. जे कळलं ते आवाजानं आणि वजनानं कळलं.

पहिले काही दिवस आराम पडला, खोटं कशाला बोलू. कळ ओसरली. गोळ्या, गरम विटेचा शेक, कडक पाठ. ती रात्रभर निजायला लागली. आता ही उठेल आणि मी चौकटीत जाईन, असं मला वाटलं.

मग पंधरवडा झाला.

"मायला दाखवायला न्यावं लागतंय, आबा," परमेश्वर म्हणाला.

"कसं न्यावं?" मल्हारी म्हणाला. "न्यायचं तर जीपमदी बसवावं लागंल. आन जीपमदी बसवू नका म्हणले नं डॉक्टर."

"पर आणा म्हणले व्हते."

"आणा म्हणले, पर उठवू नका बी म्हणले. उठवल्याबिगर आणावं कसं? आपल्या रस्त्यानं बाईचा मणका हिंगोलीपोतर जाग्यावर ऱ्हाईल का? बरी होऊन राहिली, होऊ द्या. पुरी बरी झाली की नेऊ."

झालं. एवढ्यावर ती बाई अडकली. पुरी बरी झाल्याशिवाय न्यायचं नाही, आणि नेल्याशिवाय कुणी ऊठ म्हणणार नाही. यात कुणाचं वाईट मन नव्हतं. उलट सगळ्यांचा तिच्यावर फार जीव होता, आणि त्या जिवानंच तिला धरून ठेवलं.

दिवाळीनंतर मेंढरं निघाली. या खेपेला परमेश्वर घेऊन गेला, मल्हारी चार शेळ्या सांभाळत घरी राहिला. घोंगडीपलीकडून घुंगरं वाजत वाजत लांब गेली. पंचफुलाच्या डाव्या पायाची टाच माझ्यावर हळूहळू आपटत होती, चालल्यासारखी. घुंगरं ऐकू येईनाशी झाली तरी ती टाच आपटतच होती.

दिपाली नवी सून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूला तिनं फुलासारखं जपलं. पाणी जागेवर, जेवण जागेवर, आणि पाटीत राख घालून बाकीचंही जागेवरच. त्या वेळी पंचफुला तोंड भिंतीकडं करायची आणि मला तिचं रडणं लाकडातून कळायचं. "मला न्हाणीपोतर तर जाऊ दे, पोरी," ती म्हणायची.

"नगं आत्याबाई, काई झालं तर लोक मला म्हणतील, सासूला उठवून कामाला लावली."

तीही बिचारी अडकलेलीच. सासू पडली तर नाव तिचं जाणार होतं.

दुपारी घर रिकामं झालं की पंचफुला स्वतः प्रयत्न करायची. हे फक्त मला माहीत. कोपरावर उठायची, थांबायची, पुन्हा निजायची. एकदा तिनं पाय खाली सोडले, माझी कड धरली आणि अर्धी उभी राहिली. माझ्यावरचा भार हलका झाला. ऊठ, ऊठ, मी म्हणत होतो. पण इतके दिवस निजून पाठीत बळच राहिलं नव्हतं. पाय लटपटले, कंबर ताठली, आणि ती धाडकन माझ्यावर पडली.

दिपाली धावत आली आणि ओरडली. मल्हारी आला. तो रागावला नाही. त्यानं कोपऱ्यातलं ज्वारीचं पोतं ओढत आणलं आणि माझ्या मोकळ्या बाजूला लावून ठेवलं. दुसऱ्या बाजूला भिंत होतीच.

"पडशील म्हणून लावलंय, पंचफुला," तो म्हणाला. "तू पांगळी झालीस तर म्या काय करावं?"

आता भिंत आणि पोतं यांच्या मधे ती, आणि तिच्याखाली मी. तिला जरा बरं वाटलं की ती उठू बघायची. उठली की दुखायचं. दुखलं की घरचे म्हणायचे, बघा, अजून बरी झाली नाही. मग पुन्हा निजणं, आणि निजून अंग अजूनच ढिलं. मी तर वरचं वजन रोज झेलत होतो. ते कमी कमी होत चाललं होतं. आधी मांड्यांचं कमी झालं, मग पोटऱ्यांचं. माझ्यावर एक बाई विरघळत चालली होती आणि मला ओरडून सांगता येत नव्हतं. उभा असतो तर निदान करकरलो असतो.

संक्रांतीच्या सुमाराला रुख्मिणीबाई कंबर धरून आली. घागर उचलताना तिची उसण भरली होती.

"रुख्मे, म्या काय करू आता? म्या तर ही अशी," पंचफुला म्हणाली.

"तुजा पाय हाय का न्हाई? हाय नं? मंग म्या बसते खाली. तू निजल्या निजल्या लाव."

ती माझ्या टोकाशी भुईवर बसली, पाठ करून. पंचफुलानं गुडघा दुमडला आणि टाच तिच्या कमरेला लावली. लावताना माझ्यावर जो रेटा आला तो मी आजही विसरलो नाही. किती दिवसांनी त्या बाईनं कशाला तरी रेटलं होतं!

ही बातमी पसरली आणि लोक पुन्हा येऊ लागले. घरच्यांनीही अडवलं नाही, कारण यात उठणं नव्हतं. माणूस टोकाशी बसायचा, ती पाय लावायची, आणि मग उताणी निजूनच त्याला झाडायची. "घागर दोन्ही बाजूला बदलत जा. दर वख्ताला त्याच कमरंवर काहून?" तेवढ्यापुरता तिचा आवाज पहिल्यासारखा व्हायचा. माणूस गेला की पुन्हा भिंत आणि पोतं.

शिमगा झाला. ऊन तापायला लागलं. एका दुपारी दारात जीप थांबली आणि एक गडी विव्हळत आत आला. तांड्यावरचा रूपसिंग, जीपचा ड्रायव्हर. फाट्यावर चाक पंक्चर झालं, ते बदलताना वाकून झटका दिला आणि कमरेत अशी भरली की त्याला सरळ होता येईना.

"मामी, लाव लवकर. सायेब गाडीत बसले, औंढ्याला जायचंय," तो म्हणाला आणि माझ्या टोकाशी बसला.

पंचफुलानं पाय लावला. रूपसिंग चांगला दणकट गडी. तिनं जरा जोर लावला तसा तो पुढं सरकला आणि म्हणाला, "मामी, लाथ मारू नको म्हणलं नं, लाव म्हणलं!"

"रूपसिंग, किती वेळ?" बाहेरून आवाज आला. घोंगडी सरकली. बुटांचा आवाज आत आला आणि माझ्याजवळ थांबला.

"बाई, तुम्ही दिवाळीत माझ्याकडं आला होता ना? पाय दुखत होता?"

"व्हय," पंचफुला म्हणाली.

"आज काय झालं? पुन्हा दुखायला लागलं का?"

"तवापासून हितंच हाय, डॉक्टर."

"तेव्हापासून?" डॉक्टरांचा आवाज चढला. "शिमगा झाला! मी पंधरा दिवसांनी आणायला सांगितलं होतं. मल्हारीच ना तुम्ही? का आणलं नाही?"

मल्हारी दारातून आत आला होता. त्याच्या पावलांवरूनच कळत होतं, तो घाबरला होता. पण बोलला मात्र सरळ. "आणायचं म्हणलं तर जीपमदी बसवावं लागतंय. आन जीपमदी बसवू नका, उठवू नका म्हणून तुमीच सांगितलं व्हतं. मंग कसं आणावं, तुमीच सांगा."

खुर्ची नसल्यामुळं डॉक्टर त्या ज्वारीच्या पोत्यावरच बसले.

"मी पहिल्या थोड्या दिवसांसाठी म्हणालो होतो. पण दोन्ही गोष्टी मीच सांगितल्या, ते खरं. एकीत दुसरी अडकेल हे माझ्या ध्यानात आलं नाही."

मग त्यांनी तिला तपासलं. पायाचा अंगठा वर करायला लावला. सरळ पाय उचलून बघितला. दोन्ही मांड्यांच्या मधे बधिर वाटतं का, लघवीची भावना कळते का, ताप येतो का, असं एकेक विचारलं. ती नाही-होय सांगत गेली.

"तसं काही झालं असतं तर त्याच दिवशी पळत आणायला हवं होतं, धक्के बसले तरी," ते मल्हारीला म्हणाले. "पण तसं नाही. शिरेवरचा दाब केव्हाच कमी झालाय. आता दुखतंय ते गादीमुळं नाही, निजल्यामुळं. पाठीला आधार मांसाचा असतो, तो वापरला नाही की सुटतो. आता पाय माझ्या हाताला लावा, बाई, आणि ढकला."

तिनं ढकललं. पोतं करकचलं.

"या पायानं आत्ता एक अख्खा ड्रायव्हर हलवलात. मग स्वतःला का नाही?"

पंचफुला हळूच म्हणाली, "भ्या वाटतंय, डॉक्टर. उठले की काई तरी तुटंल आसं वाटतंय."

इतके दिवस मल्हारीच्या धाकानं ती निजून आहे असंच मला वाटत होतं. तीही भ्यायलीय, हे मला त्या दिवशी कळलं. पोतं नसतं तरी ती उठली असती का, कोण जाणे.

"दुखेल," डॉक्टर म्हणाले. "दुखणार नाही असं मी म्हणत नाही. पण दुखलं म्हणजे मोडलं असं नाही. मल्हारी, हे पोतं काढा."

पोतं घसटत गेलं. डॉक्टर सांगत गेले आणि ती करत गेली. आधी कुशीवर. गुडघे दुमडायचे. पाय खाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपरानं अंग वर रेटायचं. माझ्या कडेवर तिचे दोन्ही तळहात दाबले गेले. दिपाली हुंदका देत पुढं आली असावी, कारण पंचफुला म्हणाली, "सोड मला, पोरी. पडले तर उचलायला हायस की."

आणि माझ्या पाठीवरचा भार गेला. एकदम, सगळा.

मी पालथाच होतो. मला फक्त पावलं ऐकू आली. एक घासत, एक टेकत, पुन्हा एक घासत. मग ती थांबली. तिनं माझी रिकामी चौकट धरली आणि घोंगडी बाजूला केली. उन्हाचा पट्टा माझ्याखालच्या भुईपर्यंत आला. "अगं बया, किती ऊन पडलंय," एवढंच ती म्हणाली आणि दारात उभी राहून रडत राहिली. मल्हारीही रडत होता. रूपसिंग मात्र विव्हळत विव्हळत हसत होता. मीही रडलोच असतो, पण सुकलेल्या लाकडात पाणी कुठलं!

जाताना डॉक्टरांनी सगळं दोनदोनदा सांगितलं आणि मल्हारीकडून म्हणवून घेतलं. रोज चालायचं, आधी हापशापर्यंत, मोकळ्या हातानं. मग थोडं थोडं वाढवायचं. सकाळी पाठीवर निजून एकेक गुडघा पोटाशी घ्यायचा, मग दोन्ही गुडघे दुमडून कंबर उचलायची. दुखलं तर शेक द्यायचा, पण पुन्हा पडून राहायचं नाही. ओझं बसून उचलायचं. ओणवं काम असेल तर मधे मधे उभं राहून अंग ताणायचं. "हे तर म्याच लोकायला सांगते," पंचफुला म्हणाली. "मग आता स्वतः ऐका," डॉक्टर म्हणाले.

सगळं लगेच झालं नाही. काही दिवस ती हापशापर्यंत जाऊन भिंतीला टेकून उभी राहायची आणि दिपालीला हाक मारायची. काही दिवस चिडून मल्हारीला वाट्टेल ते बोलायची. पण मे महिन्याच्या एक तारखेला हिंगोली जिल्हा झाला आणि फाट्यावर फटाके वाजले, तेव्हा ती रुख्मिणीबाईला घेऊन चालत फाट्यावर गेली आणि चालत परत आली. "जिल्हा बगून आले," असं तिनं दिपालीला ऐटीत सांगितलं.

मग एक दिवस मल्हारीला माझी आठवण झाली. त्यानं मला उचललं, सरळ केलं, चौकटीशी नेलं. मी बसेना. खालचं टोक लागलं की वरचं सुटायचं. मल्हारीनं मला भिंतीला टेकवलं आणि डोळा लावून बघितलं. मधे माझी झोळी झाली होती.

सुतार आला. "म्या म्हणलं नव्हतं? उभंच ठेव म्हणून?" त्यानं रंधा मारला, कड तासली, ठोकून ठाकून मला चौकटीत कसंबसं घातलं. पण तेव्हापासून मी अडकतो. पावसाळ्यात तर विचारू नका. खांदा लावला तरी हलत नाही. कंबर गेली ती गेलीच.

पहिल्या दिवशी मी असाच घट्ट बसलो. मल्हारीनं ओढलं, दिपालीनं ओढलं. आतून पंचफुला आली. "सरका," म्हणाली. "त्येला उसण भरली." आणि तिनं डावा पाय उचलून माझ्या खालच्या कडेला टाच लावली. मी उघडलो.

पुढल्या दिवाळीला मेंढरांच्या मागं ती गेली, आणि त्यानंतर दर साली. जडशीळ ओझं आता परमेश्वर उचलतो, तेही खाली बसून, कारण न बसता उचललं तर ती शिवारभर ऐकू जाईल एवढी ओरडते. कधी कंबर बोलते, मग ती दोन दिवस सावकाश चालते. पण चालते.

आता दोन हजार आठ साल चाललंय. परमेश्वरानं शेजारी सिमेंटच्या दोन खोल्या बांधल्या, त्यांना लोखंडी दार आहे. गुळगुळीत, बिनबोभाट उघडणारं, शहाणं. ते जुनं कवाड चुलीत घाला, असं मागच्या आठवड्यात तो म्हणाला. तुम्ही त्याच्याकडं कधी आलात, तर माझ्यासाठी एक शब्द टाका. आणि तुमच्या घरात कुणाची कंबर धरली असेल, तर चार दिवस जपा, पण जपता जपता पोतं लावू नका. वाकलेल्या लाकडाचं एवढंच मागणं.

पंचफुला अजून याच जुन्या घरात निजते. आज पहाटे पाऊस पडून गेला आणि मी पार फुगून बसलो होतो. ती उठली, कुशीवर वळून, कोपरानं रेटून. माझ्यापाशी आली. पाय उचलला आणि टाच लावली.

"ऊठ रे," म्हणाली. "लई निजलास."